‘टू टीबी टाकून दिलाय’ म्हणत माझ्या गळ्यात मारलेला पीएस५

जुना पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५ हा गेम खेळायचा कन्सोल, घ्यायच्या विचारात असाल, आणि विकणारा ‘मॉडेल नवीन लॉटचं आहे, वर टू टीबी एसएसडी टाकून दिलाय’ असं सांगत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला हेच सांगून जो कन्सोल विकला गेला, त्यात दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. एसएसडीवरचं, म्हणजे गेम साठवणाऱ्या वेगवान डिस्कवरचं, नाव खोटं आणि कन्सोलवरचा मॉडेल नंबरही खोटा. दोन्ही लबाड्या विकणाऱ्यासमोर बसूनच पकडता येतात, त्यासाठी तंत्रज्ञ असावं लागत नाही. कुठे बघायचं तेवढं ठाऊक हवं.

आधी हा धंदा का चालतो, ते सांगते. पीएस५ नोव्हेंबर २०२० मध्ये आला तेव्हा त्यात ८२५ जीबीची एसएसडी होती आणि प्रत्यक्ष वापरायला मिळायची साधारण ६६७ जीबी. मोठा गेम आता सहज शंभर जीबीच्या घरात जातो, त्यामुळे थोडेच गेम टाकले की एक काढा तेव्हा दुसरा बसेल अशी वेळ येते. आतली मूळ एसएसडी बोर्डावरच पक्की जोडलेली असल्यामुळे ती बदलता येत नाही. यूएसबीला हार्ड डिस्क लावली तर पीएस५ चे गेम त्यावर नुसते साठवता येतात, तिथून खेळता येत नाहीत; पीएस४ चे तेवढे चालतात. खरा उपाय एकच, आतला एम.२ स्लॉट, म्हणजे जादा एसएसडी बसवायची खाच. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर तो वापरता येऊ लागला. म्हणून जाहिरातीत ‘टू टीबी’ दिसलं की माणूस थांबतो, आणि विकणाऱ्यालाही ते पक्कं माहीत असतं.

“ताई, बाराशे सीरिजचा आहे, गरम होत नाही, आवाज नाही. त्यात टू टीबी टाकून दिलाय, सात हजार स्पीडवाला. वेगळा घ्यायला गेलात तर किती जातील बघा.” हे त्याचं बोलणं. बाराशे सीरिज म्हणजे मॉडेल नंबर सीएफआय-१२०० असलेली मालिका, आणि सात हजार म्हणजे सेकंदाला सात हजार एमबी. खोकं होतं, खोक्यावरचा सिरियल नंबर आणि कन्सोलवरचा सिरियल नंबर जुळत होता. त्याने सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेजचं पान दाखवलं, तिथे एम.२ एसएसडीसमोर दोन टीबी लिहिलेलं होतं. एक गेमही चालवून दाखवला. तो गेम आतल्या मूळ एसएसडीवर होता, हे मला मागाहून कळलं.

घरी आणल्यावर सुरुवातीला काहीच खटकलं नाही. मग मूळ एसएसडी भरली आणि मी गेम एम.२ वर हलवायला घेतले. पहिला काही भाग झरझर गेला आणि नंतर पट्टी जागच्या जागी रेंगाळायला लागली. उरलेला वेळ दाखवणारा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला. हलवलेल्या गेममध्ये नकाशाच्या एका टोकाकडून दुसरीकडे वेगाने जाताना चित्र अडकायचं, इमारती उशिरा उमटायच्या. आणि एके दिवशी कन्सोलने एम.२ एसएसडी वापरता येत नसल्याचा संदेश दाखवला. बंद करून पुन्हा सुरू केला की चालायचा, थोड्या वेळाने पुन्हा तेच.

म्हणून झाकण उघडलं. हे करायला घाबरू नका, कंपनीनेच ही सोय ग्राहकासाठी ठेवली आहे आणि कसं उघडायचं तेही सांगितलं आहे. बाजूचं पांढरं झाकण सरकवून काढलं की एका स्क्रूने बसवलेली लांबट धातूची पट्टी दिसते. तिच्याखाली स्लॉट, आणि स्लॉटच्या रांगेत ११०, ८०, ६०, ४२, ३० असे आकडे कोरलेली भोकं असतात. एसएसडी जेवढ्या मिलिमीटर लांब, त्या आकड्यावर स्क्रू बसतो. माझी ८० वर होती. वर जाडजूड काळा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा), त्यावर एका नावाजलेल्या कंपनीचं चकचकीत नाव. विक्रेत्याने फोटोत दाखवलं होतं ते हेच नाव.

हीटसिंकचे बारीक स्क्रू काढून तो उचलला तर खालचा मऊ थर्मल पॅड एसएसडीच्या स्टिकरला चिकटून बसला होता, आणि पॅड ओढताना स्टिकरही निघून आला. त्याच्याखाली दुसरा स्टिकर. कोणीतरी नखाने खरवडून नाव घालवायचा प्रयत्न केलेला, तरी शेवटची अक्षरं शिल्लक होती आणि ती वरच्या नावाशी अजिबात जुळत नव्हती. पीएस५ ला एसएसडी हीटसिंकशिवाय लावायची नाही अशी कंपनीची सूचना आहे आणि ती योग्यच आहे, कारण जेन ४ च्या, म्हणजे पीएस५ ला लागणाऱ्या वेगवान पिढीच्या, एसएसडी तापतात. पण त्याच हीटसिंकखाली काहीही लपवता येतं. हीटसिंकवर छापलेलं नाव हे हीटसिंकचं नाव समजा. आत काय आहे याचा तो पुरावा होत नाही.

ती एसएसडी मग एका ओळखीच्यांच्या कम्प्युटरमध्ये लावली आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. एसएसडीच्या चिपमध्ये नोंदलेलं नाव त्यात दिसतं, स्टिकरवरचं नाही. नाव स्वस्तातल्या, डीरॅम (वेग राखायला मदत करणारी जादा मेमरी) नसलेल्या एका मॉडेलचं निघालं. ‘हेल्थ’ची टक्केवारी ढासळलेली होती आणि चालू राहिलेल्या तासांचा आकडा इतका मोठा, की ती आधी कुठल्यातरी दिवसरात्र चालणाऱ्या यंत्रात वापरून घेतली असणार. क्षमता मात्र खरोखर दोन टीबी होती. म्हणूनच सेटिंगच्या पानावर काही खोटं दिसलं नव्हतं.

सुरुवातीला वेग चांगला का वाटतो, हेही समजून घ्या, कारण दुकानात दाखवलेल्या चाचणीत नेमकं हेच झाकलं जातं. स्वस्त एसएसडीत एका पेशीत चार बिट कोंबलेले असतात आणि असं लिहायला वेळ लागतो. म्हणून ती मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता वेगवान पद्धतीने वापरते आणि आलेला डेटा आधी तिथे उतरवून घेते. तेवढा भाग भरला की वेग कोसळतो, कधी कधी जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली जातो. पाच मिनिटांची कॉपी करून दाखवली तर ती त्या वेगवान भागातच संपते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही लबाडी पकडायला कम्प्युटरही लागत नाही. पीएस५ नवी एम.२ एसएसडी फॉरमॅट करतो तेव्हा तिचा वाचनाचा वेग स्वतः मोजतो आणि पडद्यावर आकडा दाखवतो. कंपनीची शिफारस सेकंदाला ५,५०० एमबी किंवा त्याहून जास्तीची आहे. कमी वेगाची एसएसडीही तो बऱ्याचदा स्वीकारतो, पण तशी सूचना देतो. विक्रेत्याने फॉरमॅट आधीच उरकून ठेवलं होतं, त्यामुळे तो आकडा आणि ती सूचना माझ्यापर्यंत पोचलीच नाही. मी घरी पुन्हा फॉरमॅट केलं तेव्हा आकडा साडेतीन हजारांच्याही खाली आला. सांगितलं होतं सात हजार.

तेव्हा विकणाऱ्याला सरळ म्हणा, “माझ्यासमोर एम.२ फॉरमॅट करा.” सेटिंगमध्ये स्टोरेजखाली तो पर्याय आहे आणि फार वेळ लागत नाही. ‘त्यात गेम भरून दिलेत, सगळे उडतील’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. उडू द्या. ते गेम त्याच्या खात्यावरचे असतात, तुमच्या उपयोगाचे नाहीतच.

दुसरी लबाडी मॉडेल नंबरची. झाकण काढण्याआधी स्टँड काढताना माझं लक्ष स्टँडच्या स्क्रूकडे गेलं. पहिल्या, म्हणजे सीएफआय-१००० मालिकेत हा स्क्रू स्क्रूड्रायव्हर किंवा नाण्याने फिरवावा लागतो. २०२१ मध्ये ११०० मालिका आली तेव्हा तो बोटांनी फिरवता येईल असा केला. माझ्या कन्सोलवर लेबल १२०० मालिकेचं आणि स्क्रू मात्र जुना. स्क्रू हरवून दुसरा लावला असेल असं म्हणता आलं असतं, म्हणून वजन केलं. डिस्कवाल्या पीएस५ चं वजन पहिल्या मालिकेत ४.५ किलो, ११०० मध्ये ४.२ आणि १२०० मध्ये ३.९ किलो आहे, कारण आतला हीटसिंक लहान होत गेला. काट्याने साडेचार दाखवले. सहाशे ग्रॅमचा फरक स्क्रूने पडत नाही. मग लेबल उजेडात तिरपं धरून पाहिलं तर एक कोपरा सुटलेला होता आणि खाली मूळ लेबल. खोकं दुसऱ्याच कन्सोलचं, आणि त्याच्या सिरियल नंबरचं लेबल छापून माझ्या कन्सोलवर डकवलेलं. खोक्याचा आणि यंत्राचा नंबर जुळत होता तो यामुळे.

कामगिरीच्या दृष्टीने या मालिकांत फरक नाही, गेम सगळीकडे सारखाच चालतो. १२०० मध्ये ६ नॅनोमीटरची चिप आली, वीज थोडी कमी लागते, एवढंच. पण १२०० मालिका आली २०२२ मध्ये. म्हणजे लेबल बदलून विक्रेत्याने कन्सोलचं वय चोरलं, आणि त्या नंबरावर दुरुस्ती किंवा वॉरंटी मागायला गेलं तर नोंद भलत्याच यंत्राची निघणार. शिवाय पीएस५ च्या मुख्य चिपवर थर्मल पेस्टऐवजी (उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाऐवजी) द्रवरूप धातू असतो. अर्धवट माहितीने कोणी ते उघडलं असेल तर तो धातू भलतीकडे जाऊन बोर्ड कायमचा जाऊ शकतो. लेबल बदलणाऱ्या माणसाने आत काय काय केलं असेल, याची खात्री कोण देणार?

दुसऱ्या कन्सोलांतही हाच खेळ चालतो. पीएस३ मध्ये आणि पीएस४ मध्ये लॅपटॉपची अडीच इंची डिस्क वापरणारा स्वतः बदलू शकतो, म्हणून डिस्कच्या आकारावरून मॉडेल कधीच ठरवू नका. पीएस२ चे गेम चालवणारे सुरुवातीचे पीएस३ लोक मुद्दाम शोधतात आणि ४० जीबीच्या मॉडेलमध्ये मोठी डिस्क टाकून ते सुरुवातीचं म्हणून खपवलं जातं. पुढचे यूएसबी पोर्ट मोजा: ४० जीबीच्या मॉडेलला दोनच असतात, पीएस२ चालवणाऱ्या जुन्या मॉडेलांना चार. एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एस ला मागे स्टोरेज कार्डाचा खास स्लॉट आहे. यूएसबी डिस्क लावून ‘अपग्रेड’ म्हणून कोणी दाखवली तर सीरिजसाठीचे गेम त्यावरून चालत नाहीत, फक्त ठेवता येतात. निन्टेंडोच्या स्विचमध्ये २०१९ साली बॅटरी जास्त टिकणारं मॉडेल आलं. सिरियल नंबर एक्सकेडब्ल्यू ने सुरू होतो तो नवा, एक्सएडब्ल्यू ने सुरू होतो तो जुना. त्यासोबत दिलेलं मायक्रोएसडी कार्ड तर हमखास तपासा. खोट्या कार्डात क्षमतेचा आकडाच खोटा भरलेला असतो, खरी जागा संपली की नवीन डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा हवेत विरतो, आणि तुम्हाला गेम खराब झाल्याचा संदेश येईपर्यंत पत्ता लागत नाही. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री हे प्रोग्राम पूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. स्विच २ ला तर गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस हे जास्त वेगाचं कार्डच लागतं; साधं कार्ड ‘स्टोरेजसकट’ म्हणून दिलं असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि कुठलाही कन्सोल असो, स्वतःच्या खात्याने ऑनलाइन लॉगिन करून बघा. कंपनीने यंत्रावरच बंदी घातली असेल तर ती नव्या मालकासाठी उठत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर आधी उडवाउडवीची उत्तरं आली. मग “ताई, तुम्ही उघडलंत ना, आता गॅरंटी नाही,” असं म्हणून त्याने हात वर केले. हा शुद्ध खोटेपणा आहे. एम.२ चा स्लॉट ग्राहकाने उघडण्यासाठीच आहे. त्याच्या पुढचं, स्क्रूवर सील असलेलं आवरण वेगळं, आणि त्याला मी हात लावलेला नव्हता. पुढे त्याने नंबर ब्लॉक केला. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, झालेलं सगळं बोलणं, पैसे दिल्याची नोंद आणि लेबल काढतानाचा व्हिडिओ जोडून मी रीतसर तक्रार केली आहे. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

तक्रारीसाठी स्क्रीनशॉट गोळा करताना एक गोष्ट सापडली. माझ्या खोक्याचा फोटो, त्याच सिरियल नंबरसकट, दुसऱ्या एका जाहिरातीत दुसऱ्याच नावाने लावलेला होता, आणि ती जाहिरात मी कन्सोल घेतल्यानंतरची होती. तेव्हा जाहिरातीतल्या फोटोवर जाऊ नका. एकसलग व्हिडिओ मागा: आधी खोक्यावरचा नंबर, मग कॅमेरा न थांबवता कन्सोलवरचं लेबल चारही कोपरे दिसतील इतक्या जवळून, मग कन्सोल वजनकाट्यावर, आणि शेवटी एम.२ फॉरमॅट झाल्यावर पडद्यावर येणारा वेगाचा आकडा.