‘सगळे मासे एकत्र राहतात’ असे सांगून झालेली फसवणूक

रत्नागिरी शहरापासून जवळच असलेल्या आमच्या घरी शोभेच्या माशांची टाकी बसवून घेताना माझी जी फसवणूक झाली, तिची पद्धत इतरांना आधीच ठाऊक असावी म्हणून हे लिहीत आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण तीच बतावणी नंतर मला अन्य दुकानांतही ऐकायला मिळाली.

टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण सव्वाशे लिटर पाण्याची होती. टाकी, फिल्टर, एअर पंप, हीटर आणि मासे मिळून बारा हजारांच्या घरातील एकच रक्कम ठरली आणि सगळे एका दिवसात बसवून मिळाले. (आमच्या किनाऱ्यावर वर्षातील बहुतेक दिवस पाणी 25 अंशांच्या वरच राहते, त्यामुळे तो हीटर बहुतेक वेळ बंदच असतो.) माशांमध्ये निऑन टेट्रा, गप्पी, टायगर बार्ब, एंजल, ‘छोटा शार्क’, काळ्या अंगावर नारिंगी नक्षी असलेली ‘डिस्को’ नावाची पिल्ले आणि वास्तूसाठी म्हणून आठ सोनेरी व एक काळा गोल्डफिश होता. इतक्या जाती एकत्र राहतील का, असे मी स्पष्ट विचारले होते. त्यावर उत्तर मिळाले, “अहो काका, सगळे गोड्या पाण्यातलेच आहेत, बिनधास्त ठेवा.”

हे उत्तर निम्मे खरे आहे आणि फसवणूक नेमकी त्यातच आहे. ‘डिस्को’ म्हणून दिलेली पिल्ले ऑस्करची होती. हा दक्षिण अमेरिकेतील मासा 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडे एकही निऑन उरला नाही. ‘छोटा शार्क’ हा शार्क नव्हेच; मत्स्यशेतीत खाण्यासाठी वाढवला जाणारा पंगासियस तो, आणि पूर्ण वाढल्यावर त्याची लांबी मीटरभराच्याही पुढे जाते. टायगर बार्ब चपळ आणि खोडकर असल्यामुळे त्यांनी गप्पींच्या शेपट्या आणि एंजलचे लांब पर कुरतडून टाकले. गोल्डफिशला 18 ते 22 अंशांचे थंड पाणी मानवते. शिवाय त्याची विष्ठाही भरपूर असते, त्यामुळे त्याला उष्ण पाण्यातील माशांबरोबर ठेवणे दोघांनाही त्रासाचे होते.

दुकानदाराला हे ठाऊक नव्हते, असे मानण्याचा मी प्रयत्न करून पाहिला, पण त्याच्याच दुकानात ऑस्कर वेगळ्या टाकीत, टायगर बार्ब वेगळ्या टाकीत आणि निऑन तिसऱ्याच टाकीत होते. स्वतःचा माल ज्याने इतक्या काळजीने वेगवेगळा ठेवला आहे, तो गिऱ्हाइकाला एकत्र ठेवायला सांगतो, तेव्हा मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे विकायची सोय तो करत असतो.

पहिल्या आठवड्यातच मासे मरू लागले, त्याचे कारण मात्र भांडणे नव्हती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी एवढे मासे सोडले की मृत्यू ठरलेलाच. दुकानदाराने मात्र पाण्याची चाचणी न करता ‘पाण्याला रोग लागला आहे’ असे सांगून मिथिलीन ब्लूची बाटली दिली. हे औषध फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाही मारते. म्हणजे तक्रार वाढणार, आणि पुढची बाटलीही खपणार.

मेलेल्या माशांच्या बदल्यात त्याने ‘परदेशी रंगीत काचमासे’ जास्त भावाने दिले. मूळ मासा भारतातील नद्या-तळ्यांतला, पारदर्शक असतो आणि त्याच्या अंगात सुईने रंग टोचलेला असतो. काही महिन्यांत रंग फिका पडतो, आणि टोचण्याच्या जखमांमुळे बरेच मासे त्याआधीच मरतात. पारदर्शक माशाच्या पाठीवर भडक गुलाबी किंवा हिरवी रेघ दिसली, तर तो मासा घेऊ नये.

पुढे त्याने मला आफ्रिकेतील मलावी सरोवराचे सिक्लिड जातीचे मासे घेण्याचाही आग्रह केला आणि आमच्या विहिरीचे पाणी त्यांना उत्तम आहे, असे सांगितले. जांभ्याच्या कातळातील विहिरीचे पाणी सहसा मऊ (कमी क्षारांचे) आणि किंचित आम्लधर्मी असते, तर मलावीच्या माशांना कठीण (जास्त क्षारांचे) आणि अल्कधर्मी, सुमारे 8 पीएचचे पाणी लागते. त्या वेळी मी नकार दिला, कारण तोवर शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या एका ओळखीच्या मुलाने मला प्रत्येक माशाचे खरे नाव सांगितले होते.

वाढलेले ऑस्कर दुकानदाराने फुकट परत घेतले आणि पुढच्या वेळी ते तिथेच ‘मोठी जोडी’ म्हणून विक्रीला होते. शार्क परत घेण्यास त्याने नकार देऊन तो पऱ्यात सोडण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही, कारण बाहेरचा मासा ओढ्यात सोडला तर इथल्या माशांना धोका होतो.

भरपाई मागितली, तेव्हा पावती नसल्याचे त्यानेच मला ऐकवले. वास्तविक 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 असून जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मासे घेताना पावतीवर प्रत्येक जातीचे खरे नाव लिहून मागावे. ‘डिस्को’ किंवा ‘शार्क’ असे लिहून देणारा दुकानदार असेल, तर पैसे देण्यापूर्वीच तिथून निघावे.