कानाचं मशीन आधी की सीपॅप? दोन्ही एकदम परवडत नसतील तेव्हा

गोव्यात बऱ्याच घरांत हा पेच पडतो. आईला ऐकू कमी येतं, वडिलांचा घोरता घोरता श्वास अडतो, आणि हाताशी पैसे एकाच यंत्रापुरते: कानाचं मशीन, नाहीतर झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप. माझं मत आधीच सांगते: स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीत, श्वास अडण्याचा आजार मध्यम किंवा तीव्र निघाला असेल, तर पदरचे पैसे सीपॅपसाठी ठेवा आणि कानाच्या मशीनसाठी सरकारी वाट धरा. कान कमी महत्त्वाचे म्हणून नव्हे. कानाचं मशीन फुकट किंवा स्वस्तात मिळवायचे रस्ते आहेत, सीपॅपला तसे जवळजवळ नाहीत.

कानासाठी केंद्राच्या दोन योजना आहेत आणि त्यांतला फरक कळला नाही तर हेलपाटे पडतात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेला किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणं' म्हणजे दोन्ही कानांनी ६० ते ७० डेसिबलची घट, त्यापुढे बहिरेपण. वयोमानाने कान गेलेल्या बऱ्याच जणांची घट पंचेचाळीस-पन्नासच्या घरात असते. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, फोनवर निम्मं कळत नाही, पण दाखला मिळत नाही. अशांनी २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना विचारावी. ती साठीच्या पुढच्यांसाठी आहे. दारिद्र्यरेषेखाली असणं किंवा महिन्याचं उत्पन्न १५ हजारांच्या आत असणं ही तिची अट. दोन्हींकडे मुख्यतः शिबिरातून मशीन मिळतं, म्हणजे शिबिराची वाट बघणं आलं. तोवर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करून ठेवा. कधी कधी नुसता मळ काढला की निम्मं काम होतं.

उत्पन्न अटींत बसत नसेल तर खासगी दुकान. साधं डिजिटल मशीन एका कानाला साधारण दहा-पंधरा हजारांपासून सुरू होतं आणि लाखाच्या वर कुठेही जातं. कानाच्या मशीनवर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात तो दिसला तर विचारा. महाग आणि स्वस्त मशीनमधला खरा फरक शांत खोलीत कळत नाही, गोंगाटात कळतो. चवथीला घरात आरती सुरू झाली, घुमट, शामेळ आणि कांसाळी एकदम वाजू लागली, की साधं मशीन घातलेली आजी पहिल्या कडव्यालाच ते काढून पदराला बांधते. म्हणून दुकानातल्या खुर्चीवर 'ऐकू येतं का?' एवढ्यावर समाधान मानू नका. काही दिवस घरी वापरून बघायला मागा, बाजारात नेऊन बघा, परत येऊन आवाज जुळवून घ्या. घरात बसणाऱ्या, दोन-चार माणसांशीच बोलणाऱ्या आजीला योजनेतलं कानामागचं मशीन पुरतं. देवळात भजनाला जाणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या माणसाला शक्य असेल तर थोडे जास्त घालावे.

ऑनलाइन हजार-दोन हजारांत येतं ते बहुधा नुसतं आवाज वाढवणारं यंत्र. ते ज्याला त्याला मोजून जुळवलेलं नसतं, भांड्याचा आवाजही तेवढाच मोठा करतं. घेऊ नका. आणि आपल्या पावसाळ्यात कुठलंही मशीन रात्री सेल काढून सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवलंच पाहिजे. दमट हवेने चांगली चांगली मशीनं बंद पडतात.

एक अपवाद ठामपणे सांगते. कमी ऐकू येणारं लहान मूल असेल तर वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवा. बोलणं शिकायची वर्षं परत येत नाहीत. तिथे शिबिराची वाट बघायची नाही.

आता सीपॅप. स्लीप स्टडीत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो तो आकडा येतो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. सौम्य असेल तर यंत्राची घाई नको. वजन, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं यावर भर द्या, आणि जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी दंतवैद्याकडून करून घेता येते का ते बघा. मध्यम-तीव्र असेल, आणि माणूस टॅक्सी, ट्रक किंवा बस चालवत असेल, तर एक महिनाही पुढे ढकलू नका. चाकावर लागणारी डुलकी त्याच्या एकट्याच्या जिवावर येत नाही.

गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, घरच्या यंत्रासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. खासगी विमाही बहुधा हात वर करतो. केंद्र सरकारचे निवृत्त असाल तर मात्र केंद्राच्या आरोग्य योजनेत, सीजीएचएसमध्ये, आधी अर्ज करा, तिथे दोन्ही यंत्रांचे पैसे मिळण्याची सोय आहे.

पंचवीस-तीस हजारांपासून सत्तर हजारांपर्यंतचं सीपॅप यंत्र सरळ विकत घेण्यापेक्षा पहिला महिना भाड्याने आणा. किती तास वापरलं ते यंत्रातच नोंदलं जातं. दहांतल्या सात रात्री चार तासांच्या वर गेलं तर विकत घ्या. नाही गेलं तर दोष बहुतेक वेळा मास्कचा असतो. नाकापुरता मास्क चालत नसेल तर उशीसारखा नाकपुडीत बसणारा मागा. यंत्र जुनं घेतलं तरी चालेल, मास्क मात्र नवाच. जुन्यात एक गोष्ट तपासाच: फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतला फोम झिजतो म्हणून बरीच यंत्रं परत मागवली होती. मॉडेल आणि क्रमांक कंपनीच्या यादीशी ताडून मगच पैसे द्या. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत पावसात रात्रीची वीज जाते, तेव्हा यंत्राची किंमत ठरवताना इन्व्हर्टरचाही आकडा त्यातच धरा.