जुना आयहाईम 2213: घ्यायला जाताना बादली आणि घड्याळ सोबत असू द्या

माशांच्या टाकीचं पाणी बाहेर ठेवलेल्या बंद डब्यातून गाळणाऱ्या सेकंडहँड कॅनिस्टर फिल्टरांत डोळे उघडे ठेवून घ्यावा असा एक म्हणजे आयहाईमचा क्लासिक 2213. नव्या खोक्यावर त्यालाच 'क्लासिक 250' म्हणतात. जर्मन कंपनीचा आणि दिसायला अगदी साधा: एक डबा, वर मोटरचं डोकं, दोन नळ्या. ना डिजिटल आकडे, ना पाणी ओढून घेणारं बटण. मोटर 8 वॅटची; कागदावर ताशी 440 लिटर पाणी फिरवते आणि 250 लिटरपर्यंतच्या टाकीला पुरते. अहोरात्र चालवूनही महिन्याला सहा युनिटांच्या आत काम होतं.

साधा आहे म्हणूनच तो जुना घेता येतो. इम्पेलर (पाणी ढकलणारं पंख्यासारखं चाक), त्याचा सिरॅमिकचा दांडा, दांड्याच्या टोकांची रबरं, डोक्याखालचं सील, नळ्या या झिजणाऱ्या सगळ्या वस्तू सुट्या मिळतात आणि घरी बदलता येतात. मोटरची वेटोळी मात्र रेझिनमध्ये कायमची बंद केलेली असतात. ती जळली की डोकं गेलं. केबलही तिथेच आत गेलेली, त्यामुळे केबलला चीर असेल तर टेप मारून चालवू नका, सौदा सोडा. पाण्याशेजारी तसले प्रयोग नकोत.

आधी डोक्यावरची पट्टी वाचा. तिथे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ हवं. युरोपातून आलेला फिल्टर चालतो. त्याचा दोन गोल पिनांचा प्लग इथल्या सॉकेटात बसतोही, फक्त ढिला बसून ठिणग्या पडत नाहीत ना ते पाहायचं. अमेरिकेहून कुणी सामानात आणलेला 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा मात्र घेऊ नका. 'ट्रान्सफॉर्मर लावा की' असं विक्रेता सांगेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ही मोटर विजेच्या हर्ट्झच्या तालावरच फिरते, त्यामुळे इथे ती साधारण सहाव्या हिश्श्याने हळू चालेल आणि वर जास्त तापेल. इम्पेलर मागवतानाही 50 आणि 60 हर्ट्झचे वेगळे असतात, हे लक्षात असू द्या.

विक्रेत्याकडे फिल्टर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. 'कालपर्यंत चालू होता' या वाक्याला काही किंमत नाही. पाण्याने भरलेली बादली टेबलावर, फिल्टर जमिनीवर, डबा आतून रिकामा, म्हणजे स्पंज-मीडिया (पाणी गाळणारं सामान) काहीही नाही. ओढणारी नळी बादलीत सोडा, पाणी तोंडाने ओढून डबा भरू द्या, मग स्विच लावा. परतीची नळी टेबलाच्याच उंचीवर 5 लिटरच्या डब्यात धरा आणि घड्याळ लावा. कागदावरच्या हिशेबाने 41 सेकंद लागायला हवीत. 50-55 सेकंदांत भरला तर फिल्टर ठणठणीत. सव्वा मिनिटाच्या पुढे गेला तर नळ्या शेवाळाने भरल्यात किंवा इम्पेलर झिजलाय. दोन्ही दुरुस्त होणारं आहे, पण मग भाव त्या हिशेबाने पाडा.

यापेक्षा महत्त्वाची परीक्षा बंद-चालूची. स्विच बंद, दहा सेकंद थांबा, परत चालू. असं दहा वेळा. झिजलेला इम्पेलर चालू असताना बिनबोभाट फिरत राहतो, पण एकदा थांबला की पुन्हा उचल घेत नाही, नुसता गुणगुणतो. जिथे दिवसातून दोनदा वीज जाते तिथे हा दोष टाकी मारतो, कारण वीज आलेली असते, दिवा लागलेला असतो आणि पाणी फिरतच नसतं.

आवाजाचं म्हणाल तर सुरुवातीची खळखळ ही अडकलेली हवा. डबा हळूच तिरपा करून हलवला की बुडबुडे निघतात आणि आवाज मरतो. पाच-दहा मिनिटांनंतरही टकटक राहिली तर डोकं उघडा, इम्पेलर बाहेर काढा आणि दांडा नखाने चाचपा. मधेच खाच लागली तर दांडा गेला. दांडा गुळगुळीत असून आवाज येत असेल तर टोकाचं एखादं रबर गायब असतं. इतकं छोटं असतं की साफसफाईत मोरीतून वाहून गेलेलं कुणाला कळतही नाही. दांडा सिरॅमिकचा आहे, वाकत नाही, सरळ तुटतो. काढताना पकडीने ओढू नका.

गळतीसाठी कोरडा कागद वापरा. डोकं आणि डबा जुळतात त्या रेषेभोवती टिश्यू गुंडाळा आणि अर्धा तास चालवा. कागद ओला झाला तर आधी सील बघा: चपटं, कडक किंवा चिरलेलं असेल तर नवं लागेल. नुसतं कोरडं पडलं असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. व्हॅसलीन नको, पेट्रोलियम जेली काही जातींचं रबर फुगवते. सील चांगलं असून गळत असेल तर क्लिपांच्या आसपास डब्याला केसासारखी चीर शोधा. बॅटरी आतून धरली की दिसते. चीर दिसली तर घेऊ नका. नळ्या 12/16 मापाच्या, म्हणजे आतून 12 आणि बाहेरून 16 मिलिमीटर. जुन्या पिवळ्या पडून ताठ झालेल्या असतात. त्या बदलायच्याच असं धरून चला. सोबत दुहेरी नळ (नळ्या सोडवताना पाणी अडवणारे) नसतील तर वेगळे घ्यावे लागतील, नाहीतर दर सफाईला फरशीवर तळं.

घरी आणल्यावर चुन्याचा पांढरा थर काढायला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत घालून इम्पेलर आणि त्याची खोबण दोन तास भिजवा, मग बाटलीच्या ब्रशने घासा. मोटर बुडवायची नाही, खोबणीत ते पाणी नुसतं भरून ठेवायचं. जुना मीडिया कितीही 'मॅच्युअर' (उपयोगी जिवाणू वसलेला) म्हणून दिला तरी टाकून द्या. सोबत कुठला रोग आणि कुठलं औषध आलंय सांगता येत नाही. कॉपरची औषधं मीडियात मुरतात आणि झिंगे-गोगलगायी त्याने जातात.

आता कंपनीकडून काय मिळेल? वॉरंटी पहिल्या बिलावर चालते, म्हणून विक्रेत्याकडे मूळ बिल मागाच, निदान फोटो तरी. बिल असलं तरी सील आणि इम्पेलर हे झिजणारे भाग समजले जातात आणि बहुतेक कंपन्या ते वॉरंटीत धरत नाहीत. म्हणजे जुन्या 2213 साठी कंपनीची मदत म्हणजे मुख्यतः योग्य सुटा भाग ओळखून मिळणं. त्यातही 'फिल्टर चालत नाही, मदत करा' असं लिहिलं तर उलट प्रश्नच येतात. पहिल्याच मेलमध्ये डोक्यावरच्या पट्टीचा फोटो, व्होल्ट-हर्ट्झ, काढलेल्या इम्पेलरचा फोटो आणि आवाजाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ द्या. काय तपासून झालं तेही एका ओळीत लिहा. आयहाईमच्या प्रत्येक फिल्टरची सुट्या भागांची आकृती असते, तिच्यातला क्रमांक घेऊनच दुकानात जा. 'असाच बसेल' म्हणून दिलेला इम्पेलर अर्ध्या मिलिमीटरने जाड निघाला तरी घासतो.

तुलनेत बटण, यूव्ही दिवा आणि चार नळ एकाच ठोकळ्यात असलेले स्वस्त चिनी कॅनिस्टर नवे घ्यायला वाईट नाहीत, जुने मात्र नकोत. यूव्ही नळीच्या काचेचं सील आणि नळांच्या ठोकळ्यातल्या ओ-रिंगा (रबरी कड्या) गळू लागल्या की नेमका भाग शोधण्यात जाणारा वेळ फिल्टरच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

2213 ला नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नये, आणि त्यातूनही नळ्या, सील, नळ यांचा खर्च वजा करावा. सोबत हीटर फुकट मिळत असेल तर तो तिथेच ठेवा. जुन्या थर्मोस्टॅटचे टोक चिकटले की हीटर बंदच होत नाही आणि सकाळी मासे शिजलेले सापडतात. 2011 मध्ये तर अमेरिकेत मरिनलँड या ब्रँडचे स्टेल्थ हीटर परत मागवले गेले होते. फिल्टरची केबल सॉकेटच्या खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता झोळावरून खाली टपकेल.