बेताच्या पैशांतली जगबुडी: 'मॅड मॅक्स' (१९७९) आणि त्याचे शेजारी

सुरुवातीचाच पाठलाग. पोलिसांच्या पिवळ्या गाड्या सुसाट येतात, मध्येच आडवी आलेली एक निळी व्हॅन सापडते आणि तिचा चेंदामेंदा होतो. ती व्हॅन दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांची स्वतःची होती. तिथूनच या सिनेमाचा हिशेब कळतो. एकूण खर्च साडेतीन ते चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, चित्रीकरण मेलबर्न शहर आणि आसपासच्या रस्त्यांवर, आणि जगभरातली कमाई दहा कोटी अमेरिकी डॉलरच्या वर. खर्चाच्या मानाने सर्वाधिक नफा मिळवणारा सिनेमा म्हणून गिनेस बुकातला त्याचा विक्रम १९९९ पर्यंत कुणी मोडला नव्हता.

आज हा सिनेमा पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण २०१५ च्या भव्य, नामिबियाच्या वाळवंटात चित्रित झालेल्या भागावरून मागे येतात. त्यांनी आधीच सावध व्हावं. इथे वाळवंट नाही. हिरवी कुरणं आहेत, समुद्रकिनारा आहे, आइस्क्रीमचं दुकानसुद्धा उघडं आहे. जग अजून बुडालेलं नाही, बुडायला लागलंय. 'आजपासून काही वर्षांनी' एवढंच पडद्यावर लिहून येतं. कोर्ट-कचेरी आहे पण आरोपी सुटतो, पोलीस आहेत पण त्यांचं मुख्यालय पडीक वाटतं, आणि टोळीवाले धावत्या टँकरमधून पेट्रोल चोरतात. काय घडलं, कुणी बाँब टाकला, याचं एक वाक्यही स्पष्टीकरण नाही. १९७३ च्या तेलटंचाईची आठवण तेव्हा ताजी होती. मिलर हे शिक्षणाने डॉक्टर, अपघातात चिरडलेली माणसं त्यांनी दवाखान्यात पाहिलेली. या दोन गोष्टींवर सिनेमा उभा आहे, आणि दोन्ही फुकटच्या.

अर्धवट कोसळलेलं जग दाखवणं हे पूर्ण उद्ध्वस्त जगापेक्षा स्वस्तही पडतं आणि जास्त भीतीही घालतं. उद्ध्वस्त शहर उभं करायला सेट लागतो. मोडकळीला आलेल्या व्यवस्थेसाठी मेलबर्नच्या स्पॉट्सवुडमधलं जुनं पंपिंग स्टेशन आणि क्लून्स नावाच्या छोट्या गावातलं रेल्वे स्टेशन पुरतं. या अख्ख्या प्रकाराची गोडी इथेच आहे: पडद्यावरच्या माणसांकडे काही नाही आणि सिनेमा काढणाऱ्यांकडेही काही नाही. दोघांची नड एकच झाली की सिनेमा जमतो. नड झाकायला गेलं की उघडी पडते.

पोशाखच घ्या. खरं कातडं मोजक्याच नटांच्या वाट्याला आलं, बाकी पोलीस व्हिनाइलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत रेक्झिनमध्ये. पण ज्या खात्याला गाड्यांचा खर्च झेपत नाही, त्या खात्याचे गणवेश असेच असणार. टोळीसाठी कावासाकीच्या के-झेड १००० बाइक मिळाल्या, त्यांना स्थानिक कारागिरांनी फेअरिंग, म्हणजे वारा कापणारी पुढची आवरणं, बसवून दिली, आणि चालवणाऱ्यांत 'व्हिजिलँटीज' या खऱ्या बाइक क्लबची पोरं होती. बाइकवर बसण्याची ढब शिकवता येत नाही. गावात टोळी शिरते तो प्रसंग म्हणूनच अंगावर येतो. ही माणसं नट वाटत नाहीत, कारण बरीचशी नव्हतीच.

छायालेखक डेव्हिड एग्बी यांनी बाइकस्वाराच्या मागे बसून, कॅमेरा खांद्यावर घेऊन काही शॉट घेतले. चौकटीत स्पीडोमीटर दिसतो आणि काटा खोटं बोलत नाही. त्यात रुंद पडद्याच्या अ‍ॅनामॉर्फिक लेन्स आणि रस्त्याला जवळजवळ चिकटलेला कॅमेरा. जमिनीपासून जितकं खाली जाल तितकं डांबर वेगानं पळतं, आणि त्याला पैसा लागत नाही. काही ठिकाणी मात्र कॅमेऱ्यातली फिल्म हळू फिरवून चित्रण केलंय, म्हणजे पडद्यावर दृश्य वेगवान दिसतं, ते ओळखू येतं: धूळ फार झटकन खाली बसते आणि माणसांच्या हालचाली बाहुल्यांसारख्या तुटक होतात.

सिनेमाचा नायक, पोलीस मॅक्स, याच्या काळ्या गाडीविषयी थोडं जास्त लिहायला हवं, कारण निम्मे लोक तिच्यासाठीच येतात. १९७३ ची फोर्ड फाल्कन एक्सबी जीटी, दोन दारांची, ५.८ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन. बॉनेटमधून वर आलेला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र, मॅक्स गिअरच्या दांड्यावरची लाल कळ ओढून चालू करतो आणि पट्टा फिरायला लागतो. प्रत्यक्षात असं होत नाही. त्या पद्धतीचा सुपरचार्जर इंजिनच्या क्रँकवरून पट्ट्याने फिरतो, इंजिन चालू तोवर तो चालूच. पट्टा थांबवला तर तिथून हवाच आत जाणार नाही आणि इंजिन गुदमरेल. सिनेमातला सुपरचार्जर नुसता शोभेचा आहे, इंजिनशी त्याचा संबंध नाही. हे माहीत असूनही ती कळ ओढली जाते तेव्हा मजा येते, ही कबुली द्यायला हवी.

आता खोट. मधला तासाभराचा भाग सैल आहे. मॅक्स नोकरी सोडायला निघतो आणि बायको-मुलासह सुट्टीवर जातो, तिथे सिनेमाही सुट्टीवर जातो. ब्रायन मे यांचं पार्श्वसंगीत प्रत्येक वळणावर वाद्यवृंद घेऊन धावून येतं, जिथे नुसता इंजिनचा आवाज पुरला असता. बायकोचं पात्र लेखनात एवढंच आहे की तिला काहीतरी व्हावं. पण ते 'काहीतरी' ज्या पद्धतीने दाखवलंय ते बघण्यासारखं आहे: बाइकी मागून येतात, आणि नंतर रस्त्यावर फक्त एक लहानसा बूट घरंगळतो. रक्त नाही, देह नाही. पैसे असते तर कदाचित दाखवलं असतं, आणि सिनेमा तेवढ्यापुरता खालावला असता. सूड तर शेवटच्या वीसेक मिनिटांत उरकतो, ज्याच्यासाठी पोस्टर छापलं तोच भाग सर्वांत आखूड.

कोणती प्रत बघायची, हे इथे महत्त्वाचं. अमेरिकेत प्रदर्शित करताना ऑस्ट्रेलियन उच्चार तिथल्या प्रेक्षकांना कळणार नाहीत म्हणून जवळजवळ सगळे संवाद अमेरिकी आवाजात डब केले गेले, मॅक्स झालेल्या मेल गिब्सन यांचेसुद्धा. ती डब प्रत अजून फिरते. ओठ आणि शब्द जुळत नाहीत असं पहिल्याच प्रसंगात वाटलं तर थांबा आणि ऑडिओच्या यादीत मूळ ऑस्ट्रेलियन ट्रॅक आहे का बघा, नसेल तर दुसरी प्रत शोधा. उच्चार जड वाटले तर इंग्रजी सबटायटल लावा. चित्र चौकोनी दिसलं तर तीही प्रत टाकून द्या, दोन्ही बाजूंचा रस्ता कापला गेलाय असं समजा. अशा सिनेमात रस्ता कापणं म्हणजे पुरणपोळीतून पुरण काढणं.

आता शेजाऱ्यांकडे, म्हणजे थोड्या साधनांत जग बुडवणाऱ्या इतर सिनेमांकडे वळू. सर्वांत कमी साधनांत जग बुडवलंय ते क्रिस मार्कर यांच्या 'ला जेते'ने, १९६२ साली. अठ्ठावीस मिनिटं, जवळजवळ सगळी स्थिर छायाचित्रं, एक निवेदक, तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या तळघरात राहणारी माणसं. अख्ख्या सिनेमात हलणारं दृश्य एकच: झोपलेली बाई डोळे उघडते. ते चुकू नये म्हणून फोन बाजूला ठेवून बघा.

जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला. रक्त म्हणून चॉकलेट सिरप, कृष्णधवल चित्रात ते खपून जातं. प्रदर्शनाच्या वेळी नाव बदललं आणि नव्या शीर्षकपट्टीवर हक्काची सूचना टाकायची राहिली, त्यामुळे सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. आज तो कायदेशीरपणे फुकट मिळतो, पण फुकट मिळणाऱ्या बहुतेक प्रती पिठूळ आणि ओरखड्यांनी भरलेल्या. मूळ निगेटिव्हवरून केलेली ४के प्रत मिळाली तर तीच घ्या. काळोख खरोखर काळा दिसला की बहुतेक गोष्ट जिथे घडते ते शेतातलं घर वेगळंच वाटतं.

'ट्वेंटी एट डेज लेटर' (२००२) हा खरं तर मध्यम खर्चाचा, पण त्याची युक्ती गरिबाची. डॅनी बॉइल यांनी त्याचा मोठा भाग कॅननच्या एक्सएल-१ या मिनी-डीव्ही, म्हणजे छोट्या कॅसेटवर चालणाऱ्या, डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतला. लंडनमधली वाहतूक पहाटे फार थोडा वेळ अडवता यायची. मोठा कॅमेरा मांडेपर्यंत शहर जागं झालं असतं. छोटे कॅमेरे एकाच वेळी अनेक जागी लावले आणि वेस्टमिन्स्टर पूल ओसाड मिळाला. त्याची किंमत अशी की चित्र मुळातच कमी तपशिलाचं आहे, ४के टीव्ही घेऊन ते सुधारत नाही. टीव्हीचं शार्पनेस शून्याकडे आणा, हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करा, थोडं लांब बसा. शेवटचा भाग ३५ मिमीवर आहे, तिथे चित्र अचानक स्वच्छ होतं. तो बिघाड नव्हे.

गॅरेथ एडवर्ड्स यांचा 'मॉन्स्टर्स' (२०१०) पाच लाख डॉलरच्या आत झाला. व्हॅनमध्ये मावेल एवढी टीम, दोन नट, बाकी पात्रं वाटेत भेटलेली माणसं. दिग्दर्शकानेच घरच्या संगणकावर फलक, कुंपणं आणि हेलिकॉप्टर खऱ्या जागांवर चिकटवले. राक्षस बघायला बसाल तर निराश व्हाल, ते फार थोडे दिसतात. सूचनाफलक वाचत बसाल तर दाद द्याल.

आपल्याकडे 'झोंबिवली' (२०२२) विनोदाच्या वाटेने गेला, त्याचं माप वेगळं. पण टॉवर आणि शेजारची वस्ती यांच्यातलं पाण्याचं भांडण त्याला सेटशिवाय मिळालं, ते याच घराण्यातलं.

न बघण्याजोगे ओळखायचे कसे? पहिल्या पाच मिनिटांत बूट बघा. दहा वर्षांच्या विध्वंसानंतर बूट कोरे आणि दाढी कोरलेली असेल तर पुढेही असंच चालणार. मग पेट्रोल. साठवलेलं पेट्रोल साधारण वर्षभरात खराब होऊ लागतं: हलका भाग उडून जातो, गोंदासारखा गाळ उरतो, इंजिन धड सुरू होत नाही. वीस वर्षांनंतरही सगळे व्ही-८ पळवत असतील आणि पेट्रोल कुठून येतं याचा उल्लेखही नसेल, तर लेखकाने विचार केलेला नाही. 'मॅड मॅक्स' इथे सुटतो, कारण त्याच्या जगात पंप अजून बंद पडलेले नाहीत. रात्रीचे प्रसंग दिवसा घेऊन निळे केलेले असतील तर सावल्यांवरून लगेच कळतं. आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत निघालेल्या नकला: खडीच्या खाणीत गोल गोल फिरणाऱ्या गाड्या, खांद्यांवर फुगीर पॅड, पत्रा ठोकून केलेलं चिलखत. चार जण जमवून हसायला उत्तम, एकट्याने बघू नयेत.

'मॅड मॅक्स'च्या शेवटच्या पाठलागात टोळीचा म्होरक्या समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळतो. ट्रक भाड्याचा, त्याला खरचटूनही चालणार नव्हतं. म्हणून त्याच्या तोंडावर एक जाड पत्रा लावला आणि त्यावर ट्रकचंच तोंड रंगवलं, जाळी, दिवे, सगळं. सरळ बघताना कळत नाही. धडकेच्या आधी एकेक फ्रेम पुढे सरकवा, म्हणजे रंगवलेले दिवे दिसतील.