स्ट्रीट फायटर ६: अकरा महिने झांगिफबरोबर

हा गेम मी माझ्यासाठी घेतला नव्हता. २०२३च्या दिवाळीत प्लेस्टेशन आला तो मुलासाठी. ऑगस्ट २०२४मध्ये तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, मग गणपती आले आणि गेले, आणि विसर्जनानंतर दांडिया बाजारातलं आमचं घर एकदम गप्प झालं. तेव्हा एका संध्याकाळी मी कंट्रोलर हातात घेतला. मी त्रेचाळीस वर्षांची, वडोदऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. आता पुढचे गणपती आठवड्यावर आलेत. या अकरा महिन्यांत सुट्टीचे आणि पेपर तपासायचे दिवस सोडले तर रोज तासभर तरी मी हा गेम खेळले आहे. नव्याने घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून मनापासून लिहिते आहे.

गेम जून २०२३चा. सुरुवातीला १८ पात्रं होती, नंतर दरवर्षी चार नवी येत गेली. मी सुरू केलं त्याच सुमारास टेरी आला, फेब्रुवारीत माई, जूनमध्ये एलेना आणि ऑगस्ट २०२५मध्ये सगट. दोघं समोरासमोर, रक्ताची पट्टी संपेपर्यंत लढायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. या भागाची खरी चावी म्हणजे त्या पट्टीखालचे हिरवे सहा बार. त्यांना ड्राइव्ह म्हणतात. प्रत्येक फेरीला सहाच्या सहा भरलेले मिळतात आणि जोरदार काहीही करायचं झालं की त्यातूनच खर्च करायचा. समोरच्याचे दोन फटके अंगावर झेलून धडक देणारा ड्राइव्ह इम्पॅक्ट एका बारचा. मारता मारता मध्येच पुढे झेपावलात तर तीन बार गेले. सहाही संपले की बर्नआउट: पात्र राखाडी पडतं, फटका अडवला तरी रक्त जातं, आणि कोपऱ्यात सापडून धडक बसली की शुद्धच हरपते. पगार एक तारखेला हातात येतो आणि महिना काढायचा असतो, तसा हा हिशेब आहे. मला गेम आवडला तो या हिशेबामुळे.

पात्र निवडताना मी चुकले, आणि बहुतेक जण इथेच चुकतात असं मला वाटतं. यूट्यूबवर कोणतं पात्र वरच्या दर्जाचं याच्या याद्या असतात. केन सगळीकडे वर होता. लास वेगासला २०२३च्या इव्हो स्पर्धेत सात हजारांहून जास्त खेळाडूंतून यूएईचा अँग्रीबर्ड केन घेऊनच जिंकला होता. मग मीही केन घेतला. तीन महिने त्याच्यावर घातले आणि सिल्व्हर या खालच्या दर्जातच अडकून बसले. केन वाईट नाही. त्याला सतत धावून जायचं असतं, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नसतो. मी स्वभावाने थांबून बघणारी आहे. माझे बार पहिल्या पंधरा सेकंदांत संपायचे, आणि जिंकले तरी नेमकी कशाने जिंकले ते कळायचं नाही.

झांगिफ माझ्याकडे आला तो बाबांमुळे. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तरुणपणी रोज पहाटे जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. तिथले व्यायामगुरू प्रो. माणिकराव यांच्या वेळच्या गोष्टी त्यांनी तिथल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्यात आणि आजही त्या सांगताना ते खुर्चीत ताठ बसतात. डिसेंबरात एका रात्री ते माझ्या मागे बसून पाहत होते. समोरून झांगिफ आला, लाल लंगोटवाला धिप्पाड रशियन पैलवान, आणि त्याने माझ्या केनला दोन पकडींत संपवलं. बाबा म्हणाले, "अगं, हा एकटाच कुस्ती करतोय. बाकीचे नुसते हातवारे." दुसऱ्या दिवशी मी झांगिफ घेतला. प्रत्येक पात्राचा दर्जा वेगळा मोजला जातो, त्यामुळे केनचा सिल्व्हर जागच्या जागी राहिला आणि झांगिफचा दर्जा ठरवणाऱ्या दहा लढती नव्याने खेळले. पात्र बदलायला घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

झांगिफचं रक्त ११,०००, बहुतेकांचं १०,०००, अकुमाचं ९,०००. पण हा हळू चालतो आणि लांबून मारायला याच्याकडे काही नाही. आधी मार खात खात जवळ पोचायचं, आणि एकदा पोचलं की भीती समोरच्याला. त्याचा मुख्य डाव स्क्रू पाइलड्रायव्हर. दिशेचं बटण पूर्ण गोल फिरवायचं आणि बुक्की दाबायची. गोल फिरवताना वरची दिशा लागते, त्यामुळे नुसतं उभं राहून केलं तर बहुतेकदा झांगिफ उडी मारतो आणि डाव फुकट जातो. म्हणून आधी काहीतरी करायचं, छोटी बुक्की मारायची किंवा समोरच्याचा फटका अडवायचा, आणि ते चालू असतानाच अंगठा फिरवून ठेवायचा. पहिल्या दोन आठवड्यांत माझ्या डाव्या अंगठ्याच्या टोकाला फोड आला. चिकटपट्टी लावून शाळेत फळ्यावर लिहीत होते. मार्चपर्यंत तिथे घट्टा पडला, आणि तेव्हापासून दहातले नऊ डाव लागतात.

यात गणित कसं आहे ते सांगते, कारण ते कुणी नीट सांगत नाही. सेकंदाचे ६० भाग म्हणजे ६० फ्रेम. सर्वांत वेगवान साध्या बुक्क्या चौथ्या फ्रेमला लागतात, झांगिफची पकड पाचव्या. समोरच्याने मारलेली लाथ मी अडवली आणि तो माझ्यापेक्षा पाच फ्रेम उशिरा सावरणार असेल, तर त्या पाच फ्रेममध्ये तो माझ्या पकडीत आहे. इतर पात्रांची बुक्की तिथवर पोचत नाही, झांगिफचा हात पोचतो. हलक्या बुक्कीने केलेली पकड लांबपर्यंत जाते पण कमी लागते, जोराच्या बुक्कीची जवळचीच पण खूप लागते. म्हणून मी वही केली. एका बाजूला समोरच्याचा फटका, दुसऱ्या बाजूला तो अडवल्यावर काय मिळतं. ट्रेनिंगमध्ये पडद्यावर फ्रेमची रंगीत पट्टी दिसते, जुन्या लढती बघतानाही दिसते. ही सोय इतकी चांगली आहे की नुसत्या तिच्यासाठी मी हा गेम नवख्यांना सुचवेन.

बाकी खेळ म्हणजे खडाखडी. हा शब्द बाबांचा. पैलवान एकमेकांचे हात झटकत, मानेवर थाप मारत अंदाज घेतात, ती खडाखडी. झांगिफचे ९९ सेकंदांतले सत्तर त्यातच जातात. बाबा मागून सांगायचे, "तो उडी मारून मागे पळतोय ना, मग पकडायला जाऊ नकोस. आधी त्याला भिंतीला लाव." हवेतल्या माणसाला ही पकड लागतच नाही, आणि हे त्यांनी नियम न वाचता ओळखलं होतं. त्या एका वाक्यावर मी सिल्व्हरच्या पुढे गेले. आज झांगिफ त्याहून वरच्या प्लॅटिनम दर्जात आहे.

आता बॅलन्स अपडेटबद्दल. गेम बनवणारे मधूनमधून पात्रांच्या ताकदीत फेरफार करतात. मोठा फेरफार २२ मे २०२४ला अकुमाबरोबर आला, पुढचा मोठा ५ जून २०२५ला एलेनाबरोबर. प्रत्येक वेळी कुठल्या फटक्यात काय बदललं आणि का बदललं याची यादी ते जाहीर करतात. ती यादी पूर्ण वाचा, व्हिडिओवाल्यांच्या आरड्याओरड्यावर जाऊ नका. मला याची झळ बसली आहे. झांगिफ शिकताना मी २०२३चा एक सुंदर व्हिडिओ पाठ केला होता: समोरचा पडला की अमुक ठिकाणी उभं राहायचं, तो उठता उठता लाथ घालायची. प्रत्यक्षात लोक उठता उठता दोन बार खर्च करून मलाच उडवत होते. आठवडाभर मला वाटलं माझी वेळ चुकते आहे. शेवटी मुलाने फोनवर सांगितलं, "आई, उठताना ड्राइव्ह रिव्हर्सल करायची सोय मागच्या मेच्या अपडेटमध्ये आली. तुझा व्हिडिओ त्याच्या आधीचा आहे." आता समोरच्याकडे दोन बार शिल्लक असले तर मी कधी कधी नुसती अडवून उभी राहते. त्याचे दोन बार जातात आणि बर्नआउट जवळ येतो.

जूनच्या फेरफारानंतर माझ्या वहीतल्या तीन-चार ओळी खोडाव्या लागल्या. बाकी सगळी वही तशीच चालली. त्याच महिन्यात आमच्या गेमिंग कॅफेतल्या एका मुलाने आपलं पात्र कमजोर झालं म्हणून दुसरं घेतलं, जुलैत तिसरं. हात त्याचा माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. पण समोरचा काय करणार हे ओळखायची वेळ आली की तो अजून स्वतःची बटणं आठवत असतो. बदल होणारच. आपल्या पात्राचं काम आपल्याला हरतानाही करावंसं वाटतं का, एवढं आधी बघा. झांगिफ घेऊन मी सलग अकरा लढती हरले आहे आणि बारावीला तितक्याच हौसेने बसले आहे. केनच्या वेळी तिसऱ्या हारीनंतर टीव्ही बंद व्हायचा.

खटकतं ते कोपऱ्यातलं उचलून आपटणं. साध्या पकडीने आपटलं, उठताना पुन्हा पकड, पुन्हा आपटलं. अंदाज चुकला की अख्खी फेरी गेली. स्वतः पकडीचं पात्र खेळते तरी मला हे पटत नाही. झांगिफची मोठी पकड जोखमीची आहे, हुकली की सजा मिळते. साधी पकड त्या मानाने स्वस्त पडते. खेळाडूंमध्ये यावर सुरुवातीपासून वाद आहे आणि माझं मत बदल व्हावा असंच आहे.

मॉडर्न आणि क्लासिक या दोन नियंत्रणांपैकी काय घ्यावं? ज्यांना बटणांच्या जोड्या जमत नाहीत त्यांनी बेलाशक मॉडर्न घ्यावं. एका बटणात डाव निघतो, बदल्यात त्याचा मार वीस टक्क्यांनी कमी होतो. यात कमीपणा काही नाही. मी क्लासिकवर आहे कारण अंगठा फिरवायचा मला आनंद वाटतो.

ऑनलाइन लढत थेट दोन घरांमध्ये जुळते. समोरच्याचं बटण पोचायच्या आत गेम अंदाज बांधून चित्र पुढे नेतो, आणि अंदाज चुकला तर क्षणात मागे येऊन दुरुस्त करतो. पुण्यात असलेल्या माझ्या मुलाशी शनिवारी रात्री खेळते तेव्हा तो शेजारच्या खोलीत असल्यासारखं वाटतं. मात्र वायफायवर खेळू नका. लढत स्वीकारण्याआधी समोरचा वायरवर आहे की वायफायवर ते चिन्ह दिसतं, आणि वायफाय दिसलं की मी नकार देते. आमचं इंटरनेट पावसाळ्यात दोनदा चार-चार दिवस बंद होतं, तक्रार करूनही कुणी आलं नाही. माझ्या दुसऱ्या कंट्रोलरची खाली-डावी तिरकी दिशा पाच महिन्यांत मेली. झांगिफवाल्यांनी दिशेचं बटण घट्ट आहे ना ते दुकानातच दाबून बघावं.

स्पर्धा एकच खेळले, मे महिन्यात, गावातल्या एका गेमिंग कॅफेत. बावीस जण, चार टीव्ही. सकाळी अकराची वेळ दिली होती, पहिली जोड अडीचला लागली. एका टीव्हीवर गेम मोड चालू नव्हता, त्यामुळे बटण आणि चित्र यांत अंतर पडत होतं. मी सांगितल्यावर तो बदलला, पण तोवर दोन मुलं त्याच टीव्हीवर हरली होती. हे मला आजही टोचतं. स्पर्धा घेणाऱ्यांनी सगळे टीव्ही आदल्या दिवशी तपासावेत. पद्धत दोनदा हरल्यावर बाहेर जायची, तीनपैकी दोन जिंकायच्या. पहिल्याच जोडीत समोर जेपी हे पात्र आलं. तो लांबून काटे आणि जाळी पसरतो, मला जवळ जाताच आलं नाही, ०-२. खालच्या गटात ल्यूक हे पात्र घेतलेल्या एकाला २-१ने पाडलं. त्यातली शेवटची फेरी आठवते: माझं रक्त बोटभर, तो कोपऱ्यात आणि राखाडी पडलेला. सगळे ओरडत होते, "मासी, धक्को मार!" म्हणजे मावशी, धडक दे. मी धडक दिली नाही. त्याने घाबरून एक लाथ मारली, मी ती अडवली. ती अडवतानाच अंगठा फिरून झाला होता. पुढच्या जोडीत कॅमी या पात्राने मला बाहेर काढलं. नंतर आम्ही सगळे सेव-उसळ खायला गेलो आणि जेपीवाल्या मुलाने पेपर नॅपकिनवर मला जेपीच्या जाळीतून कसं शिरायचं ते काढून दिलं. तो नॅपकिन वहीत चिकटवला आहे.

वयाचं कुणी मनावर घेत असेल तर एक सांगते. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली स्ट्रीट फायटर ५चं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं, तेव्हा तो चव्वेचाळीसचा होता. त्याच स्पर्धेत भारताकडून अयान बिस्वास आणि मयंक प्रजापती उतरले होते. आणि मार्च २०२५मध्ये या गेमची मोठी स्पर्धा कॅपकॉम कप टोकियोच्या र्‍योगोकु कोकुगिकानमध्ये झाला, म्हणजे सुमो कुस्तीच्या वास्तूत. जपानच्या काकेरूने दहा लाख डॉलर जिंकले. ही कुस्तीची जागा आहे असं मी सांगितल्यावर बाबांनी चष्मा पुसून पूर्ण अंतिम लढत पाहिली.

गणपतीला मुलगा घरी येतोय. या वेळी मध्ये इंटरनेट नसेल, एकाच टीव्हीसमोर दोघं बसू. तो अकुमा घेणार आहे. बाबांनी जोड लावून ठेवली आहे: दुसऱ्या दिवशी, आरतीनंतर, पाचपैकी तीन.