‘९९००’ छापलेले सेल लेझरला घेऊ नका

मंगेशीच्या जत्रेत माझ्या स्टॉलपर्यंत वीज पोचत नाही. लाकडावर अक्षरं गिरवणारं घरी बनवलेलं लेझर यंत्र तिथे बॅटरीवर चालवायचं म्हणून गेल्या महिन्यात १८६५० आकाराचे तीन लिथियम सेल घेतले आणि एकापुढे एक जोडले. १२० रुपयांना एक, वेष्टनावर क्षमता ठळक ‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास). दुकानाचं नाव घेत नाही, पण तो माल अजून काउंटरवर आहे.

माझा लेझर डायोड ५ वॅट उजेड देतो आणि त्यासाठी १२ व्होल्टवर २ अँपिअर खातो. मोटरी आणि कंट्रोलर मिळून आणखी १. एकूण ३६ वॅट. वेष्टन खरं धरलं तर, सेलचा दाब १२ व्होल्टवर आणणाऱ्या कन्व्हर्टरची गळती वजा जाता, पावणेतीन तास काम व्हायला हवं.

शिवणीच्या फळीवर ‘शांतादुर्गा प्रसन्न’ गिरवायला लावलं. ‘शांता’ काळंभोर उमटलं, ‘दुर्गा’ला चहाचा रंग आला, ‘प्रसन्न’च्या जागी नुसता डाग. आठव्या मिनिटाला बीएमएसने, म्हणजे सेल जपणाऱ्या सर्किटने, वीज तोडली. सेल हातात धरवत नव्हते.

मीटर लावून पाहिलं. लेझर बंद असताना १२.४ व्होल्ट, पेटताच ९.६. कन्व्हर्टरला पुढे १२ राखायचे असतात, म्हणून सेलचा दाब उतरला की तो जास्त करंट ओढतो, आणि त्या ओढीने दाब आणखी उतरतो. कमजोर सेल यातच मरतो. सोनाराच्या काट्यावर एक सेल ३१ ग्रॅम भरला. चांगला ४५ च्या आसपास असतो. टेस्टरवर क्षमता निघाली ११४०. नावाजलेल्या कंपन्यांचे सेलही या आकारात ३५०० च्या आसपास थांबतात.

परत द्यायला गेलो तर उत्तर मिळालं, “सगळे हेंच व्हरतात,” म्हणजे सगळे हेच नेतात. टॉर्चला चालत असतील. मला पैसे परत मिळाले नाहीत.

मग सॅमसंगचे २५आर घेतले. क्षमता २५०० च, पण सलग २० अँपिअर देणारे. साडेतीन-चार अँपिअर त्यांना जड जात नाहीत. ३७ मिनिटं चालले, आणि शेवटच्या पाटीचा ‘न्न’ पहिल्या ‘शां’इतकाच काळा. महाग पडले, पण लेझरला हेच घ्या. सेलजवळ फ्यूज मात्र हवाच.

आणखी एक. जत्रेत पोरं वाकून बघतात. ५ वॅटचा निळा किरण चकचकीत पत्र्यावरून उलटून आला तरी डोळा जाऊ शकतो. झाकण उघडताच लेझर बंद करणारा स्विच आधी बसवा, बॅटरी नंतर.

माघातल्या जत्रेसाठी आणखी तीन २५आर मागवलेत. प्रत्येकाला शेजारी समांतर जोडलेला जोडीदार दिला की करंट निम्मा वाटला जाईल, आणि तासाभराच्या पाट्या न थांबता निघतील.