हरणाऱ्या बेसबॉल संघाची बॅटिंग ऑर्डर: जुनी घडी, नवी मांडणी की नुसती ढवळाढवळ?

संघ सलग हरायला लागला की सगळ्यांचं लक्ष आधी लाइनअप कार्डाकडे, म्हणजे बॅटिंगच्या क्रमाच्या यादीकडे जातं. पिचर (चेंडू टाकणारा) रातोरात सुधारत नाही आणि शॉर्टस्टॉपला (एका क्षेत्ररक्षकाला) नवे हात बसवता येत नाहीत, पण नऊ नावं पाच मिनिटांत वरखाली करता येतात. इतकं सोपं आहे म्हणूनच ते विचार करून करायला हवं. मॅनेजरसमोर साधारण तीन वाटा असतात. त्यांतल्या दुसऱ्या वाटेच्या बाजूने मी आहे, हे आधीच सांगतो.

आधी थोडा हिशेब. क्रिकेटमध्ये अकरावा एकदा येऊन गेला की डाव संपतो. इथे नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो, तीन आऊट झाले की इनिंग संपते आणि नवी इनिंग मागची जिथे थांबली तिथून पुढे चालू होते. सामन्याचा शेवटचा आऊट नऊपैकी कोणावरही पडू शकतो. त्यामुळे ऑर्डरमध्ये एक पायरी खाली गेलं की सुमारे नऊ सामन्यांमागे बॅटिंगची एक खेप कमी मिळते. मेजर लीगच्या (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या) १६२ सामन्यांच्या हंगामात एका पायरीचे सुमारे १८ खेपा होतात, आणि पहिल्या व नवव्या नंबरात जवळजवळ १४५ चा फरक पडतो. तीस सामन्यांच्या हौशी हंगामातही हाच फरक २६-२७ खेपांचा आहे. बॅटिंग ऑर्डर म्हणजे या खेपांची वाटणी. कोण किती मोठा खेळाडू हे ठरवायची ती जागा नव्हे.

पहिली वाट जुनी, सगळ्यांना पाठ असलेली. पहिला चपळ, दुसरा बॅटवर ताबा असलेला आणि वेळेला बंट करणारा (चेंडू हळूच जवळ टेकवणारा), तिसरा संघातला सर्वोत्तम, चौथा दणकट क्लीनअप (बेसवरच्यांना घरी आणणारा), आणि मग उतरत्या भाजणीने बाकीचे. ही घडी वेडेपणाची नाही. मजबूत संघात ती चालून जाते, कारण तिथे पहिले दोघेही बऱ्यापैकी बेसवर (मैदानावरचे तीन थांबे; ते ओलांडून घरी परतलं की रन) पोचतात. खेळाडूंना आपापलं काम माहीत असतं, कुणी रुसत नाही, हाही फायदाच.

दुबळ्या संघात मात्र ती नेमकी चुकीच्या जागी फाटते. आमचा संघ हरत होता तेव्हा मी जुनं स्कोअरबुक उघडून फक्त पहिल्या इनिंगचा रकाना वरून खाली वाचत गेलो होतो. पहिल्या ओळीत ६-३: शॉर्टस्टॉपकडे घरंगळता चेंडू, पहिल्या बेसवर आऊट. दुसऱ्या ओळीत ८: सेंटर फील्डला झेल. तिसऱ्या ओळीत आमच्या सगळ्यात चांगल्या बॅटरचा सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा फटका), आणि चौथ्याच्या चौकटीत वर्तुळातला ३, म्हणजे तिसरा आऊट. पुढच्या सामन्याचं पान उलटलं तरी जवळपास तेच. जो मुलगा डोळे मिटून बॅट फिरवत नव्हता, वाईट चेंडू सोडून वॉक (चार वाईट चेंडूंवर मिळणारा पहिला बेस) घेत होता, तो सातव्या ओळीत बसून तिसऱ्या इनिंगची वाट बघत होता, कारण तो सावकाश पळायचा.

यामागचं गणित सरळ आहे. पहिले दोघे शंभरात २७ वेळा बेसवर पोचत असतील, तर दोघेही आऊट होण्याची शक्यता ०.७३ गुणिले ०.७३, म्हणजे सुमारे ५३ टक्के. निम्म्याहून अधिक सामन्यांत तुमचा सर्वोत्तम बॅटर दोन आऊट आणि रिकामे बेस अशा अवस्थेत पहिल्यांदा प्लेटवर (बॅटिंगच्या जागी) येणार. त्याच्या डबलचीही (दुसऱ्या बेसपर्यंतच्या फटक्याचीही) तिथे माती होते. वरचे दोघे शंभरात ३६ वेळा पोचणारे असतील, तर तीच शक्यता ४१ टक्क्यांवर येते.

दुसरी वाट इथूनच निघते. आकडेवारीवाल्यांनी लाखो खेपा तपासून काढलेला निष्कर्ष थोडक्यात असा: संघातले सर्वोत्तम तिघे पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या नंबरावर ठेवा. पहिल्या दोघांत बेसवर पोचण्याचं प्रमाण बघा, चौथ्यात ताकद. त्यांच्यानंतरचे दोघे पाचव्या आणि तिसऱ्या जागी. तिसरा नंबर वाटतो तेवढा मोलाचा नाही, हे पचायला सगळ्यांनाच जड जातं.

लीडऑफला (पहिल्या बॅटरला) वेग हवाच, हा समज काइल श्वारबरच्या उदाहरणापुढे टिकत नाही. २०२३ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजकडून बहुतेक काळ लीडऑफ खेळताना त्याची बॅटिंग सरासरी (फटका मारून बेसवर पोचण्याचं प्रमाण) होती अवघी .१९७. जुन्या हिशेबाने असा माणूस आठव्या नंबरावर गेला असता. पण त्याने १२६ वॉक घेतले, ४७ होमरन मारले आणि शंभरात ३४ वेळा तो बेसवर पोचला. सरासरी वॉक मोजत नाही, म्हणून ती फसवते. वेग आणि बेसवर पोचणं दोन्ही एकाच अंगात असेल तर प्रश्नच नाही. रिकी हेंडरसनने कारकिर्दीत १४०६ बेस चोरले (फटक्याची वाट न बघता पळत पुढचा बेस गाठला), पण त्याआधी तो शंभरात ४० वेळा बेसवर पोचत होता. पहिल्या बेसवर पोचल्याशिवाय दुसरा चोरता येत नाही.

मग निव्वळ चपळ खेळाडूचं काय करायचं? त्याला नववा ठेवा. टोनी ला रुसाने १९९८ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सच्या पिचरला नवव्याऐवजी आठवा खेळवलं, ते याच विचाराने: नवव्या जागी खरा बॅटर असला तर वरची फळी पुन्हा येते तेव्हा बेसवर कुणीतरी असतं. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी डिझाइनेटेड हिटर (फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) खेळतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न संपला. पण ज्या संघात एक बॅटर बाकीच्यांपेक्षा फारच कच्चा आहे, तिथे त्याला आठवा आणि चपळ गड्याला नववा ठेवणं आजही पटण्यासारखं आहे.

या वाटेची मर्यादाही सांगायला हवी. नेहमीची ऑर्डर आणि उत्तम ऑर्डर यांत मेजर लीगच्या पूर्ण हंगामात १०-१५ रनांचा फरक पडतो आणि दहा रनांमागे साधारण एक विजय धरतात. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, तेव्हा त्यांच्या पूर्ण हंगामाच्या रना होत्या ५०७. त्यांना कोणत्याही मांडणीने वाचवलं नसतं. पण मेजर लीगचे मॅनेजर मोठ्या चुका सहसा करत नाहीत. हौशी किंवा शालेय संघात पहिल्या आणि नवव्या बॅटरमधली दरी कितीतरी मोठी असते, आणि तिथे चांगला बॅटर सातव्यावर अडकला असेल तर तोटाही त्या प्रमाणात मोठा. म्हणून हा बदल मी तिथे अधिक आग्रहाने सुचवतो.

तिसरी वाट, ढवळाढवळ. हिचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १३ ऑगस्ट १९७२ चं. डेट्रॉइट टायगर्सचे मॅनेजर बिली मार्टिन यांनी टोपीतून चिठ्ठ्या काढून लाइनअप ठरवलं. ताकदवान नॉर्म कॅश लीडऑफ आला, हलक्या बॅटचा शॉर्टस्टॉप एड ब्रिंकमन चौथा, आणि क्लीव्हलँडविरुद्ध टायगर्स ३-२ ने जिंकले. साचलेलं वातावरण हलवायला एखाद्या दिवशी असं करायला माझी हरकत नाही. रोज नवी ऑर्डर लावणं मात्र मला घातक वाटतं. बॅटर आकड्यांकडे नाही, कार्डाकडे बघायला लागतात, आणि काल दोन हिट मारणारा आज दुसरा, काल तीनदा स्ट्राइकआऊट झालेला आज आठवा, असा खेळ सुरू होतो. चार-पाच सामन्यांतल्या वीस खेपांवरून बॅटर घसरला की नशीब रुसलं, हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय हौशी संघात एक साधा धोका असतो: बदललेल्या ऑर्डरच्या गोंधळात कुणी चुकीच्या क्रमाने प्लेटवर गेला आणि त्याची खेप संपल्यावर पुढचा चेंडू पडण्याआधी समोरच्या संघाने दाद मागितली, तर ज्याची खेप होती तो आऊट.

डावखुरे-उजवे आलटूनपालटून ठेवणं दोन बॅटर जवळपास सारखे असतील तेव्हाच बघा. त्यासाठी चांगल्याला खाली ढकलू नका.

तेव्हा निर्णय घ्यायचा असेल तर या हंगामातले आकडे काढा, मागच्या हंगामाचे मिळाले तर तेही जोडा, आणि हिट अधिक वॉक अधिक चेंडू लागून मिळालेले बेस यांना एकूण खेपांनी भागा. वरचे दोघे तिथून निवडा, चौथा ताकदीवर, आणि किमान वीस सामने कार्डाला हात लावू नका. तिसऱ्यावरून पाचव्यावर जाणाऱ्या ज्येष्ठ खेळाडूला ही गोष्ट कार्ड लागण्याआधी, एकट्याला गाठून, आकडे समोर ठेवून सांगा. पहिल्या जागेसाठी दोन नावांत अडकलात, तर ज्याच्या खेपेत पिचरला जास्त चेंडू टाकावे लागतात त्याचं नाव वर लिहा.